यादीत नाव नसेल, तर कारण तरी द्या

हॉकीत गोलकीपर निवडणं अवघड काम आहे, हे आधीच मान्य करते. फॉरवर्ड मुलगी शिबिरात गोल मारते, ते सगळ्यांना दिसतात. हाफला खेळणारी सतत चेंडूवर असते. कीपर मात्र तगड्या संघाकडून उभी राहिली तर अर्धा सामना नुसती उभीच असते, आणि कच्च्या संघाकडून उभी राहिली तर सहा गोल खाते. दोन्हींतून निवड समितीला तिच्याबद्दल फारसं कळत नाही. कोणत्या कीपरवर किती चेंडू आले, त्यातले किती पेनल्टी कॉर्नरचे, किती समोरून एकटीवर आलेले, हे कुणी लिहून ठेवत असेल तर आम्हाला ते कधी दिसलं नाही. शेवटी यादी वाचली जाते. जिचं नाव येत नाही तिला एवढंच कळतं, की नाव आलं नाही.

मी बावीस वर्षांची आहे. घर दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. पप्पा ट्रॅक मेंटेनर आहेत. पदाचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, तरी कॉलनीत सगळे गँगमनच म्हणतात. शाळा मात्र मी शिरूरला केली, मामाकडे राहून. आईचं मोठं आजारपण तेव्हा चालू होतं आणि आजी म्हणाली, पोरीला इकडं पाठवून द्या. त्यामुळे माझी हॉकी शिरूरची आणि सुट्ट्या दौंडच्या. सध्या दौंडलाच पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या गावात राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात. त्यामुळे पहाटे ज्या रस्त्याला जाल तिथे कुणी ना कुणी पळताना भेटतंच.

हॉकी मला खेळाच्या तासाला भेटली. आमच्या सरांनी कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबच्या डझनभर स्टिक मिळवल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर एक कीपरचं किट फुकट आलं होतं. किट मुलांच्या मापाचं होतं. वर्गात मी सगळ्यांत उंच, म्हणून ते माझ्या अंगावर चढलं. आवडीचा प्रश्नच नव्हता. एका किकरचा पट्टा तुटलेला होता, तिथे मामाने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधली. ती पट्टी शेवटपर्यंत टिकली. बाकीचं किट आधी गेलं. नवं घ्यायचं म्हटलं तर पॅड, किकर, हातातले गार्ड, छातीचं गार्ड, हेल्मेट मिळून जी रक्कम होते ती ऐकून पप्पा गप्प बसले होते. केरळचा पी. आर. श्रीजेश भारताचा गोलकीपर झाला, त्याला किट घेऊन द्यायला त्याच्या वडिलांनी गाय विकली होती. आमच्याकडे गाय नव्हती, हा विनोद घरात बरेच दिवस चालला.

ते किट एसटीतून नेणं हा वेगळाच खेळ होता. कंडक्टर बॅग बघून आधी विचारणार, यात काय आहे, आणि मग लगेजचं तिकीट फाडणार. पुढे वाचनात आलं, की हरियाणातल्या सिरसा जिल्ह्याची सविता पुनियासुद्धा असंच किट घेऊन बसने सरावाला जायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवलं तेव्हा गोलमध्ये उभी होती ती हीच सविता. तो सामना मी मोबाइलवर पाहिला आणि तिच्या पॅडकडे बघत बसले.

आमचं मैदान मुरमाचं. एका कडेला बाभळी, दुसऱ्या कडेला शाळेची भिंत. पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर धूळ. चेंडू साधारण 160 ग्रॅमचा आणि दगडासारखा कडक. मुरमावर तो सरळ येतच नाही. खड्याला लागला की टुणकन उडतो आणि कुठेही जातो. म्हणून सरांनी शिकवलं, की आधी अंग चेंडूच्या मागे आण, पाय एकमेकांना चिकटव, मग पुढचं बघ. आडवं पडायला त्यांची सक्त मनाई होती. मुरमावर एकदा घसरलात तर मांडीची साल निघते आणि महिनाभर ती जखम सलवारीला चिकटत राहते. आमच्यातल्या एकीचं तसं झालं, तिच्या आईने तिचा खेळच बंद केला. सरांचं शिकवणं त्या मैदानापुरतं शंभर टक्के बरोबर होतं. अजूनही मला ते बरोबरच वाटतं.

सरावाची वेळ शाळा सुटल्यावर, ऊन कलेपर्यंत. सकाळचा सराव आम्हाला कधी जमलाच नाही. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, आणि अर्ध्या मुली वस्तीवर राहणाऱ्या. अंधारात सायकलवर कोण पाठवणार? हिवाळ्यात साडेपाचला सर शिट्टी वाजवायचे आणि लांबच्या मुली सगळ्यांत आधी निघायच्या. शहरातल्या मुली सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं करतात, हे मला शिबिरात गेल्यावर कळलं.

शालेय स्पर्धांत पुण्याचे तीन भाग पडतात: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि उरलेला सगळा ग्रामीण जिल्हा. ग्रामीणमध्ये हॉकीचे संघच थोडे, त्यामुळे जिल्हा पार करणं फार कठीण गेलं नाही. विभागाला गेलो की समोर शहराचे संघ. तिथे आम्ही हरलो आणि चांगलेच हरलो, पण माझ्यावर इतके चेंडू आले की कुणाच्या तरी नजरेत मी भरले असणार. महिनाभराने शाळेत निरोप आला: संभाव्य खेळाडूंच्या यादीत माझं नाव आहे, निवड शिबिराला यायचं. सरांनी ती चिठ्ठी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली. मामाने पेढे वाटले. यादी ही ‘संभाव्यां’ची आहे हे मी त्याला सांगत होते, पण पेढे वाटून झालेले होते.

शिबिराच्या जागेचं आणि ते घेणाऱ्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती. जेवण चांगलं होतं, राहायची खोली स्वच्छ होती, मॅडम प्रेमाने बोलायच्या. माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे, आणि ही पद्धत एकट्या त्या शिबिराची नाही.

टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, मी शिबिरातच पहिल्यांदा पाय ठेवला. सामन्याआधी त्यावर पाणी मारतात, हेसुद्धा तेव्हाच पाहिलं. चेंडू जमिनीला चिकटून, सरळ रेषेत आणि इतक्या वेगाने यायचा, की अंग मागे आणेपर्यंत तो फळ्यावर आदळलेला असायचा. मुरमावर चेंडू उडणार असं धरून मी हात तयार ठेवायचे. इथे तो पायाखालून जायचा. समोरून एकटी फॉरवर्ड आली की बाकीच्या कीपर आडव्या घसरत जाऊन चेंडू काढायच्या. मी उभी. लाइनवरून आवाज यायचा, “स्लाइड कर गं, स्लाइड!” डोक्याला कळत होतं, पण अंग ऐकत नव्हतं. इतकी वर्षं त्याला शिकवलेलं होतं, की पडलीस तर साल निघेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्या जेवायला गेल्यावर, मी ओल्या टर्फवर एकटीच घसरून पाहिलं. काही झालं नाही. पाण्यावरून सरकत गेले आणि उठून बसले. शेजारी पाइप गुंडाळणारे काका हसले. त्यानंतर मी रोज घसरत होते, आणि शेवटच्या सामन्यात समोरून आलेले चेंडू काढलेही. पण एव्हाना मी काय आहे ते ठरून गेलं असावं. खेळाडूंच्या कपाळावर शिबिरात फार लवकर चिठ्ठी लागते. एका बाईंना मी दुसऱ्या बाईंशी बोलताना ऐकलं होतं, “कीपर उंच आहे, पण भिते.” ते माझ्याबद्दलच होतं का, हे मला आजही माहीत नाही. तिथे उंच कीपर आणखीही होत्या.

शूटआउटची गोष्ट तशीच. 23 मीटरच्या रेषेवरून एकटी फॉरवर्ड चेंडू घेऊन निघते आणि 8 सेकंदांत गोल करायचा, असा तो प्रकार. आमच्याकडे बरोबरी झाली की जुन्या पद्धतीने पेनल्टी स्ट्रोक मारायचे. शूटआउट मी टीव्हीवर पाहिला होता, प्रत्यक्षात एकदाही खेळले नव्हते. 3.66 मीटर रुंद गोलमध्ये आठ सेकंद हा फार मोठा वेळ असतो. पुढे जायचं की थांबायचं, हे ठरवण्यात माझे पहिले तीन सेकंद जायचे.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि नावं वाचली. नाव आलं की एक पाऊल पुढे. कीपर दोन घ्यायच्या होत्या, दोघी पुढे गेल्या. दोघी चांगल्या होत्या. त्यातली एक तर फारच चांगली. मागे राहिलेल्यांसाठी टाळ्या वाजल्या, “नाराज होऊ नका, पुढच्या वेळी प्रयत्न करा” असं सांगितलं गेलं आणि प्रवासखर्चाच्या कागदावर सह्या घेतल्या.

मामा गेटवर मोटारसायकल घेऊन आला होता.

“नाही आलं नाव,” मी म्हणाले.

“बरं. कशात कमी पडली म्हणाले?”

“सांगितलं नाही.”

“विचारलं नाहीस?”

“कुणाला विचारू? त्या निवडलेल्या मुलींचे फोटो काढत होते.”

मामा शेतकरी माणूस. बाजार समितीत मालाला भाव कमी मिळाला तरी तो का, हे विचारल्याशिवाय हलत नाही. माल ओला, माल बारीक, आवक जास्त, काहीतरी उत्तर त्याला लागतंच. तो शिक्रापूरपर्यंत त्याच एका प्रश्नावर अडून बसला होता.

आता भरतीचं सांगते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींची मैदानी चाचणी 50 गुणांची असते: 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. किती सेकंदांत पळालं की किती गुण, याचा तक्ता आधीपासून सगळ्यांच्या हातात असतो. अनेक ठिकाणी पायाला चिप लावून वेळ मोजतात, चित्रीकरण करतात. गुण कळतात आणि हरकत घ्यायची असेल तर तीही घेता येते. या भरतीत बाकी कितीही गोंधळ असोत, आमच्याबरोबर पळणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, ती झोपेतून उठून सांगेल: माझे गोळ्यात तीन गुण जातात. मग ती महिनाभर गोळ्यामागे लागते. नापास होणाऱ्या मुलीलाही तिथे पुढच्या वेळचा अभ्यास मिळतो. हॉकीच्या शिबिरातून मी परत आले ती कुठल्याही अभ्यासाविना.

यावर लगेच म्हणतील, की धावणं घड्याळात मोजता येतं, हॉकी कशी मोजणार? रास्त आहे. चेंडू यायच्या आधी पाय कुठे सरकतात, गोल खाल्ल्यावर मुलगी बचावफळीशी कशी बोलते, हे घड्याळाला कळत नाही. ते जाणत्या माणसाच्या नजरेलाच कळतं. ती नजर मला हवीच आहे. पण नजरेला काय दिसलं ते लिहायला काय हरकत? पप्पांच्या रेल्वेतच बघा. रेल्वेच्या खेळाडू भरतीत 100 गुणांची विभागणी असते: स्पर्धांतल्या कामगिरीला 50, शिक्षणाला 10 आणि प्रत्यक्ष चाचणीला 40. त्या चाळिसांत खेळाचं कौशल्य, तंदुरुस्ती आणि प्रशिक्षकाचं निरीक्षण येतं. म्हणजे प्रशिक्षकाच्या नजरेलाही तिथे आकडा लावावा लागतो. नोकरी देताना जे जमतं ते सोळा वर्षांच्या मुलीला घरी पाठवताना का जमू नये?

आणि नोकरीचा संबंध इथेही आहेच. राज्यस्तर, राष्ट्रीय स्तर या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात घडली ती या किमतीमुळेच. सोळा-अठरा नावांची ती यादी म्हणजे काही घरांसाठी उद्याचा पगार असतो. इतक्या मोलाचा कागद कसा तयार झाला, हे विचारायची सोय नसेल तर संशय वाढणारच. मग जी मुलगी खरोखर गुणांवर निवडली गेली, तिच्याबद्दलही लोक ‘कुणाची कोण आहे’ असंच बोलतात. मी स्वतः ऐकलं आहे. माझ्या जागी गेलेली ती फारच चांगली कीपर, तिच्याबद्दलसुद्धा असंच बोललं गेलं, आणि ते धादांत खोटं होतं.

कारण लिहून द्यायला संघटक का कचरतात, हेही मला समजतं. कारण दिलं की वाद येतो. पालक येतात, पालकांबरोबर गावातला कुणीतरी पुढारी येतो, त्याच्या खिशात शिफारशीचं पत्र असतं. त्यापेक्षा काहीच न बोलणं बरं. पण गप्प राहिल्याने शिफारशी थांबल्या आहेत का? उलट, जिथे कारण सांगावं लागत नाही तिथेच शिफारस चालते. ‘स्लाइड टॅकल येत नाही, शूटआउटचा सराव नाही’ असं कागदावर लिहिल्यावर पुढाऱ्याने काय बोलायचं? त्याला आधी स्लाइड टॅकल म्हणजे काय ते विचारावं लागेल.

हे फक्त मुलांच्या शिबिरांचं दुखणं आहे असंही नाही. डिसेंबर 1998 मध्ये बँकॉकला भारतीय पुरुष संघाने 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. कर्णधार होता आपल्या खडकीचा धनराज पिल्ले, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला माणूस. त्या विजयानंतर काही दिवसांतच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवलं गेलं, आणि का ठेवलं यावर अजून वाद घातला जातो. सुवर्ण जिंकणाऱ्या कर्णधाराची ही गत, तर शिरूरच्या कीपरला कोण कारण सांगत बसणार, असं कुणी म्हणेल. मला ते उलटं दिसतं. खालच्या शिबिरांत कारण द्यायची सवय कधी लागलीच नाही, म्हणून वरही ती नाही.

जुन्या काळी योगायोगाने खेळाडू सापडायचे. लेस्ली क्लॉडियस हा बिलासपूरच्या रेल्वे वसाहतीतला मुलगा. 1946 मध्ये खरगपूरला बंगाल-नागपूर रेल्वेच्या दोन संघांचा सराव सामना बघत उभा होता. एक खेळाडू कमी पडला, म्हणून 1932 चे ऑलिंपिक विजेते डिकी कार यांनी त्याला मैदानात बोलावलं. त्याने पुढे तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलं. रेल्वेच्या गावातली मुलगी म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. पण तो मुलगा त्या मैदानाच्या कडेला उभा होता, हे विसरून चालणार नाही. आज ते मैदान म्हणजे टर्फ, आणि पुणे जिल्ह्यात टर्फ म्हटलं की नेहरूनगर, बालेवाडी अशी शहराकडचीच नावं येतात. दौंडहून पाटस, केडगाव, यवत, उरुळी करत पुण्याला जायला रेल्वे तरी आहे. शिरूरला तीही नाही. नगर रस्त्याची कोंडी आणि एसटी. मॉन्ट्रियलच्या 1976 च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. देशाच्या संघाला जे जड गेलं, ते आम्ही शिबिराच्या पहिल्या सकाळी निभावून न्यावं, अशी अपेक्षा असते.

गावाकडच्या मुली टर्फवर टिकत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी नीरेपलीकडे बोट दाखवते. अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ या तिघी साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या. तिघी भारताकडून खेळल्या. वैष्णवी तर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या संघात होती. फलटण काही पुण्याच्या वेशीवर नाही. पण त्या मुलींना लहान वयात कुणीतरी हेरलं, आणि राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून त्यांच्या पायांना रोजचं टर्फ मिळालं. ओडिशाने तर सुंदरगड या एका जिल्ह्यातल्या सगळ्या 17 ब्लॉकमध्ये कृत्रिम टर्फ टाकायचं ठरवलं. आपल्याकडे शिरूरला किंवा दौंडला टर्फ येईल तेव्हा येईल; त्याला काही कोटी लागतात आणि ती मागणी करणारे माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत. मी ज्याबद्दल लिहिते आहे त्याला एक वही लागते.

शिबिराच्या पहिल्या दिवशी मुलींना सांगावं, की तुमचं काय काय बघणार आहोत. ज्या मुलींनी टर्फ पाहिलेलं नाही त्यांची नावं वेगळी काढून पहिले दोन दिवस त्यांना नुसतं खेळू द्यावं. वहीत नोंद तिसऱ्या दिवसापासून. कीपरना दोन्ही बाजूंनी, तगड्या आणि कच्च्या, सारखा वेळ उभं करावं. आणि यादी वाचून झाल्यावर उरलेल्या प्रत्येकीच्या हातात एक चिठ्ठी द्यावी, दोन ओळींची. चाळीस मुली उरल्या तरी एका संध्याकाळचं काम आहे; तीन निवडकर्ते असतील तर तेवढंही नाही. चिठ्ठीत कौतुक नको, सांत्वन नको. काय येत नाही आणि ते कसं शिकायचं, एवढंच. ती चिठ्ठी शाळेतल्या सरांपर्यंत गेली तर त्यांनाही कळेल, की मुरमावर जे बरोबर होतं त्यात टर्फसाठी काय बदलायचं. आमच्या सरांना हे कुणी कधी कळवलंच नाही. ते अजूनही मुलींना आडवं पडू देत नाहीत.

त्या शिबिरानंतर मी आणखी एक हंगाम खेळले आणि बारावीच्या अभ्यासात खेळ सुटला. नाव न आल्यामुळे सुटला असं मी म्हणणार नाही; बारावी, आईचं आजारपण, घरचे पैसे, सगळंच होतं. पण त्या हंगामात सरावाला काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. कमी काय पडलं तेच माहीत नसल्यामुळे मी सगळंच जास्त जास्त करत सुटले होते.

शालेय स्पर्धांचं वेळापत्रक लागलं की यंदाही शिबिरं होतील. जिल्हा क्रीडा अधिकारी, संघटनांचे पदाधिकारी, निवड समितीवर बसणारे माजी खेळाडू यांना माझी विनंती आहे, की यंदा एका तरी शिबिरात हे करून बघा. आणि पालकांनो, तुमच्या मुलीचं नाव आलं नाही तर गेटबाहेर पडायच्या आधी प्रशिक्षकांकडे जा. शिफारस काढू नका, फेरविचार मागू नका, आवाज चढवू नका. मुलीला शेजारी उभं करून विचारा, ही कशात कमी पडली? उत्तर कागदावर मागा.